झाकण उघडण्याआधी

१

नवा जीव सापडला की ढोल-ताशे वाजत असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं उन्नती गजभियेला बघायला हवं होतं. जगात आजवर कोणीच न नोंदवलेला एक जंतू संस्थेतल्याच एका उंदराच्या आतड्यातून तिच्या हाती लागला होता. आणि ती गेले कित्येक महिने करत काय होती, तर त्याला कोणती साखर आवडते, ऊब किती लागते, मीठ किती सोसतं, अंगकाठी कशी नि रंग कसा, एवढंच बघत होती. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात वरमाई करते तशी चौकशी. प्रजातीचं वर्णन लिहायचं म्हणजे हेच.

हवा त्याला अजिबात खपायची नाही. म्हणून तो राहायचा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या पारदर्शक पेटीत. त्या पेटीत प्राणवायू औषधालाही नव्हता. पेटीच्या दर्शनी बाजूला दोन लांब रबरी हातमोजे बसवलेले होते. बाहेरून त्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. हात काढून घेतले की आतल्या दाबानं ते मोजे फुगायचे आणि बोटं पसरून समोरच्या माणसाकडे बघत उभे राहायचे. नव्या विद्यार्थ्यांना ते बघवायचे नाहीत. उन्नती मात्र जाता-येता त्यांच्याशी हस्तांदोलन करायची.

शोधणाऱ्यानं नाव ठेवायचं, असा या कामातला रिवाज आहे. उन्नतीनं नाव पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तिचे बाबा, प्रेमानंद गजभिये, याच संस्थेच्या मागच्या बैठ्या इमारतीत, ॲनिमल हाऊसमध्ये, उंदरांचे पिंजरे धूत म्हातारे झाले. मागच्या हिवाळ्यात गेले. संस्थेच्या कुठल्या फलकावर त्यांचं नाव नव्हतं, कुठल्या शोधनिबंधात कोणी आभार मानले नव्हते. आता प्रजातीच्या नावातच ‘प्रेमानंदी’ येणार होतं, आणि एकदा छापून आलं की ते कोणाच्या बापाला पुसता येणार नव्हतं. उन्नतीला हे करायचंच होतं. पदवी, नोकरी, सगळं त्याच्या मागाहून.

२

बाबांची एक लकब होती. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट ते कायम तळव्यात दुमडून ठेवायचे. सरळ कर म्हटलं तर करायचे, पण सोडलं की पुन्हा आत. "जाऊ दे वं, त्याले झोप लय येते," म्हणायचे. त्या दुमडलेल्या बोटाच्या पेरानं ते पिंजऱ्याच्या झाकणावर वाजवायचे. टक टक, मग जरासं थांबून, टक. आतली जनावरं दचकू नयेत म्हणून. पुढे पुढे घरातही तेच. पोळ्यांचा डबा, तांदळाची कोठी, न्हाणीघराचं दार. उघडण्याआधी टक टक… टक. शाळेत कधी ते डबा पोचवायला आले तर वर्गाच्या दारावर तसं वाजायचं आणि उन्नती मास्तरांच्या आधी उठून उभी राहायची. बाबा गेल्यावर घरात काय नव्हतं, तर तो आवाज. निदान तिला तसं वाटत होतं.

वर्णनातलं शेवटचं काम उरलं होतं. हा जंतू उंदराच्या पोटात खरोखर घर करतो का, ते दाखवायचं. त्यासाठी बंगळुरूहून जंतुमुक्त उंदीर आणले होते. जन्मापासून एकही जंतू पोटात नसलेले, जाड प्लास्टिकच्या तंबूत वाढलेले, माणसाचा स्पर्शही रबरातूनच झालेले. त्यातल्या एका तंबूतल्या उंदरांना तिनं हा नवा जंतू पाजला. शेजारच्या तंबूतले तसेच कोरे ठेवले.

ॲनिमल हाऊसची ती खोली लहान, पांढरी, थंड. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत असलं तरी आत एसीची घरघर आणि लाकडाच्या भुशाचा वास. एके दुपारी ती तंबूच्या रबरी मोज्यांत हात घालून आतल्या पाण्याच्या बाटल्या बघत होती, आणि आतून आवाज आला.

टक टक… टक.

उन्नतीच्या हातातली बाटली तशीच राहिली. मग तिला हसू आलं. बाटलीच्या नळीत स्टीलची गोळी असते, उंदीर पाणी प्यायला लागला की ती वाजते. हे तिला बाबांनीच दाखवलं होतं, ती पोरसवदा असताना. आपण इतकं शिकून शेवटी बाटलीला बाबा समजलो, असं स्वतःला म्हणत ती बाहेर पडली, आणि दारापाशी डोळे पुसायला थांबली.

३

पण मग शेजारच्या तंबूतही बाटल्या होत्याच की. तिथली गोळी कशीही वाजायची. पाऊस पत्र्यावर पडतो तशी, ना ताल ना तोल. जंतू पाजलेल्या तंबूत तसं नव्हतं. तिथे आवाज यायचा तो एकाच चालीवर, आणि मध्ये ते थांबणं असायचं.

उन्नतीनं बाटल्या निर्जंतुक करून त्यांची अदलाबदल केली. चाल तंबूबरोबर राहिली, बाटलीबरोबर गेली नाही. मग तिनं बाटल्या काढूनच घेतल्या आणि पाण्याऐवजी ओलसर जेली ठेवली. आता वाजायला गोळीच नव्हती. ती स्टुलावर बसून राहिली. एसी घरघरत होता. कोरे उंदीर भुशात एकमेकांवर पडून झोपले होते, दुपारी उंदरांनी जसं झोपावं तसे.

पाजलेले जागे होते. तंबूतल्या पिंजऱ्यात ते झाकणाखाली गोळा झाले होते आणि माना वर करून बसले होते. सगळेच. कोणी मिशा हलवत नव्हतं, कोणी अंग चाटत नव्हतं. उन्नती मोज्यात हात घालायला पुढे सरकली, आणि तिचा हात झाकणापर्यंत पोचायच्या आधीच आतून झाकणावर वाजलं. टक टक. ते थांबले. टक.

कोणत्या उंदरानं वाजवलं ते तिला दिसलं नाही. तिनं बघायला हवं होतं, पण तिनं डोळे मिटून घेतले होते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

संशोधकानं असं करू नये, हे तिला ठाऊक होतं. तरी त्यानंतर ती रोज दुपारी जेवण झालं की तिथे जाऊन बसायला लागली. भीती वाटली का, असं कोणी विचारलं असतं तर तिनं खरंच सांगितलं असतं की नाही वाटली. माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

४

चारुलता मॅडम उन्नतीच्या मार्गदर्शक. शिस्तीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, पण विद्यार्थ्यांची बाजू कधी न सोडणाऱ्या. त्यांनी एक दिवस तिला बोलावलं.

"पेपरच्या परीक्षकांचं उत्तर आलं. सगळं आवडलंय. एकच शंका काढलीय. म्हणतात, हा जंतू उंदराचाच कशावरून? पिंजरे सांभाळणाऱ्या माणसांकडून उंदरांत आला नसेल कशावरून?"

"मॅडम, हातमोजे, मास्क, सगळं असतं तिथं."

"आता असतं. तुझे बाबा लागले तेव्हा कुठे होतं? इथली उंदरांची पैदास जुनी आहे, उन्नती. तेव्हा काय करायचे ते विचारून घे कोणाला तरी. आणि कुप्या पाठवायची तयारी ठेव."

नव्या प्रजातीचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जपायला द्यावा लागतो. त्याशिवाय नाव कायम होत नाही. उन्नतीनं काचेच्या कुप्या भरून, खोका बांधून ठेवला होता. कुरिअरवाला दोन दिवसांनी येणार होता.

संध्याकाळी इंदोरा वस्तीतल्या घरी अंजनाबाई, म्हणजे उन्नतीची आई, भाकरी थापत होती. कूलर फडफडत होता. उन्नतीनं परीक्षकांची शंका आईला सोपी करून सांगितली.

"मंग खरंच आहे त्याईचं," आई म्हणाली. "तुये बाबा मरतुकडी पिल्लं जगवत. मायनं टाकलेली. फुटाणे तोंडात बारीक चावत आन् बोटानं त्याईले चाटवत. साहेब लोकाईले मालूम नोहतं."

"तोंडातलं?"

"आता! तुलेई तसंच भरवलं ना वं. मी म्हणो, काहून उष्टं देऊन राहिले पोरीले? तं म्हणे, असंच जगते लेकरू."

उन्नतीच्या पोटात एकदम ऊब दाटून आली. म्हणजे तो जंतू बाबांचा होता! त्यांच्या तोंडातून पिल्लांत गेला, पिल्लांच्या पिल्लांत राहिला, आणि ते गेल्यावरही जगत होता. तिनं ज्याला त्यांचं नाव दिलं तो त्यांचाच निघाला. प्रजातीचं वर्णन थोडं बदलावं लागेल, पण लागू दे. तिला आईला मिठी मारावीशी वाटली.

आई पिठाचा डबा उघडत होती. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आत दुमडलेलं, आणि त्या पेरानं झाकणावर, टक टक… टक.

"आई, तूई बाबांसारखं वाजवते."

"मी?" आईनं मागे वळून बघितलं. "मी कुठं वं वाजवते?"

"आत्ताच वाजवलं ना!"

"काय बी," आई म्हणाली, आणि पीठ काढून झाकण लावलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

५

भैय्याजी ॲनिमल हाऊसमधले बाबांचे वरिष्ठ. निवृत्त होऊन जमाना झाला. कळमन्याच्या बाजाराजवळ मुलाच्या घरी राहतात. बाबा काम त्यांच्याच हाताखाली शिकले. परीक्षकांना उत्तर द्यायचं तर जुन्या पद्धतीचा आणखी एक साक्षीदार हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नती स्कूटी घेऊन निघाली. संत्र्यांनी भरलेल्या गाड्यांमागून, सालींच्या वासातून वाट काढत ती पोचली.

भैय्याजी ओसरीवर खाटेवर बसले होते. डोळे अधू झालेले, आवाज खणखणीत.

"प्रेमानंदची पोरगी? ये, ये बाई. बस. पंखा लाव तं गा कोणी!" त्यांनी सुनेला चहा सांगितला आणि उन्नतीचं सगळं ऐकून घेतलं. जंतूला बाबांचं नाव देणार म्हटल्यावर ते तोंडभर हसले. "लय मोठं काम केलं पोरी. लय नेक माणूस तो."

"तोंडात चावून पिल्लांले चारायचे, हे खरं का भैय्याजी?"

"खरं म्हंजे? म्याच शिकवलं त्याले. पयले तं त्याले किळस ये. मंग शिकला."

खाटेशेजारी पानाचा स्टीलचा डबा होता. भैय्याजींनी तो मांडीवर घेतला. बोलता बोलताच त्यांच्या उजव्या हातानं झाकणावर वाजवलं. टक टक… टक. मग त्यांनी झाकण उघडलं.

उन्नतीनं त्यांच्या हाताकडे बघितलं. करंगळीशेजारचं बोट तळव्यात होतं.

"बाबांकडून लागली वाटते ही सवय तुम्हाले," ती हसत म्हणाली. हसायचं म्हणून हसली.

"त्याच्याकडून?" भैय्याजी सुपारी कातरत होते. "प्रेमानंद कामावर लागला तवा त्याचा हात सुदा होता बाई. चांगला सरळ पंजा. उलटा मलेच चिडवे. म्हणे, भैय्याजी, हे बोट काहून दुमडून ठेवता? काहून झाकण वाजवता? नुसता हासे." त्यांनी पान जुळवलं. "मंग एक दिवस त्यानं इचारणं बंद केलं."

"आणि तुम्हाले कुठून लागली?"

"कायची?" भैय्याजींनी विचारलं.

"वाजवायची. बोटाची."

ते जरा वेळ तिच्या दिशेनं बघत राहिले. ते बघणं खरंच काही माहीत नसलेल्या माणसाचं होतं. काल आईनं असंच बघितलं होतं.

"आमचे उस्ताद होते, ताराचंदजी. त्याईचा हात होता तसा," ते शेवटी म्हणाले. "माहा कुठं आहे? माहा तं सुदाच आहे." आणि त्यांनी तो हात तिला दाखवायला पुढे केला, बोट दुमडलेलंच.

चहा आला. उन्नतीनं तो सगळा प्यायला, कारण भैय्याजींच्या घरचा चहा टाकणं बरं दिसलं नसतं.

६

स्कूटीवरून परतताना तिनं मन घट्ट धरून विचार केला. लकबी लागतात. एकत्र काम करणाऱ्यांना लागतात, एकत्र राहणाऱ्यांना लागतात, त्यात विशेष ते काय? पण बंगळुरूहून आलेले ते उंदीर कोणाबरोबर राहिले होते? त्यांच्या आणि बाबांच्या मध्ये दुसरं काही नव्हतं. एक चमचाभर जंतू तेवढे होते.

आणि मग ते वाजवणं बाबांचंही नव्हतं. हे तिला टोचत होतं. वर्गाच्या दारावर वाजायचं आणि ती उठून उभी राहायची, ते कोणासाठी? पिल्लांना घास भरवावा, आपल्या लेकराला भरवावा, तोंडातला, हे बाबांना वाटत होतं की बाबांमधल्या आणखी कोणाला? ज्याला आपण माया समजून आयुष्यभर उराशी धरलं, ते पिंजऱ्यातून आलं असेल तर बाबा म्हणून उरतं काय?

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. उन्नतीनं खोका फोडला, कुप्या बाहेर काढल्या, आणि वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्याच्या जाळीत मांडल्या. इन्क्युबेटरमधल्या प्लेटाही मांडल्या. पाऊण तास वाफेत राहिलं की सगळं पाणी होणार होतं. नाव गेलं असतं, पेपर गेला असता, मॅडमसमोर काय तोंड दाखवायचं ते नंतर बघता आलं असतं. आता फक्त डीप फ्रीजरमधला राखीव साठा काढायचा राहिला होता.

ती फ्रीजरपाशी गेली आणि झाकणाला हात घातला.

टक टक… टक.

तो आवाज इतका जवळून आला होता की तिला आधी झाला तो आनंद. निव्वळ आनंद. बाबा आले. भीती त्यानंतर आली, खाली बघितल्यावर. तिचा स्वतःचा हात झाकणावर होता. पेर अजून टेकलेलं होतं. बोट दुमडलेलं होतं, आणि ते आपण दुमडल्याचं तिला आठवत नव्हतं. आजच दुमडलं, की कधीपासून, हेही सांगता येत नव्हतं. तिनं ते सरळ केलं. सोडलं की पुन्हा आत.

समोर पारदर्शक पेटी होती. दोन्ही मोजे फुगून तिच्याकडे पसरलेले, रोजच्यासारखे. पण उजव्या मोज्याचं करंगळीशेजारचं बोट बाहेर आलेलं नव्हतं. रबराला पीळ बसला असेल. असं होतं कधी कधी. उन्नती जवळ गेली आणि तिनं ते बोट चिमटीत धरून बाहेर ओढलं, सारखं केलं, हात काढून घेतला. दाब होता तेवढाच होता, बाकीची बोटं ताठ होती. ते एक बोट हळूहळू, अगदी सावकाश, झोप आल्यासारखं आत वळलं.

बराच वेळ ती तिथे उभी राहिली. पळून जावंसं वाटलं नाही, त्याचंच तिला नवल वाटत होतं. मग तिनं आपला हात पुढे केला आणि तो मोजा हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना ती हाच हात धरायची. तळव्यात ते दुमडलेलं बोट तिला तेव्हाही असंच लागायचं. तो हात बाबांचा नव्हता असं म्हणायचं, तर तिला दुसरा कुठला हात माहीत होता?

मंडळी जेवून आली तेव्हा कुप्या पुन्हा खोक्यात होत्या. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला आणि घेऊन गेला.

७

उन्हाळा संपता संपता दोन्ही संग्रहांची उत्तरं आली. नमुना जिवंत आहे, चांगला वाढतो आहे, दाखल करून घेतला आहे. त्यातल्या एका ठिकाणच्या बाईंनी आपलेपणानं एक फोटोही जोडला होता. तुमचा नमुना आमच्याकडे किती छान वाढलाय पाहा, म्हणून. फोटोत काचेची नळी होती, तळाशी सायीसारखा गढूळपणा, आणि ती धरलेला निळ्या हातमोज्यातला एक हात. बाईचा चेहरा दिसत नव्हता.

उन्नतीनं टेबलावरचं पेन उचलून तसं धरून बघितलं. करंगळीशेजारचं बोट आत घेऊन नळी धरणं सोपं नाही. मुद्दाम कोणी तशी धरणार नाही.

तिनं तो फोटो आईला दाखवला. आईनं चष्मा लावला, मोबाईल लांब धरून बघितला, आणि तिचा चेहरा उजळला. कोण, कुठली, कशाची नळी, तिनं काहीच विचारलं नाही.

"बाप्पा! कुठल्या कुठं पोचले," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

लॅपटॉपवर नियतकालिकाची शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती. सगळं जागच्या जागी होतं. आकार, रंग, साखरा, ऊब. नावाच्या खुलाशापाशी संपादकांची नेहमीची एक चौकशी होती. ‘दिवंगत प्रेमानंद गजभिये यांच्या सन्मानार्थ’ असं तुम्ही लिहिलं आहे. ज्यांच्या नावावरून नाव ठेवलं ती व्यक्ती हयात नाही, याची कृपया खात्री करावी.

आत आई कसलंसं झाकण उघडत होती. त्याआधी वाजलं. उन्नतीनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधल्या थांबण्यासकट.

मग तिनं ‘दिवंगत’ हा शब्द खोडला आणि मुद्रितं पाठवून दिली.